पुण्याचा संघ हैदराबादला, हैदराबादचा दिल्लीला. फुटबॉलच्या प्रेक्षकाला कोणी विचारतं का?

मोहननगरचा लेफ्ट बॅक (धागाकर्ता)

बरेच दिवस मनात खदखदत होतं, आज लिहूनच टाकतो. विषय आयएसएलचा, म्हणजे इंडियन सुपर लीगचा आहे. माझा राग खेळावर नाही, खेळाडूंवर तर मुळीच नाही. राग आहे तो लीगचा व्यवहार बघणाऱ्यांवर.

डिसेंबर २०१० मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने आयएमजी-रिलायन्सशी १५ वर्षांचा करार केला. रक्कम ७०० कोटी. बदल्यात प्रायोजक, प्रक्षेपण, नवी लीग काढणं, सगळे व्यापारी हक्क त्यांच्याकडे गेले. त्यातूनच २०१४ ला आयएसएल आली. करार संपणार होता ८ डिसेंबर २०२५ ला. ही तारीख पहिल्या दिवसापासून कागदावर होती. तरी जुलै २०२५ उजाडला तेव्हा पुढचं काहीच ठरलेलं नव्हतं, आणि लीग चालवणाऱ्या कंपनीने हंगाम थांबवल्याचं क्लबांना कळवलं. महासंघाच्या घटनेचा खटला सर्वोच्च न्यायालयात होता आणि निकालाआधी नवा करार करू नका असं सांगितलेलं होतं, हे मान्य. पण तो खटला वर्षानुवर्षं चालू होता, एका रात्रीत उपटला नव्हता. ऑगस्टमध्ये बेंगळुरू एफसीने मुख्य संघाचे पगार थांबवले. नोव्हेंबरमध्ये व्यापारी हक्कांच्या निविदेची मुदत संपली, एकही बोली आली नाही. शेवटी क्रीडामंत्र्यांना मध्ये पडावं लागलं आणि १४ फेब्रुवारी २०२६ ला लीग सुरू झाली. १४ क्लब, एकेरी फेरी, ९१ सामने. आधीच्या हंगामात एका संघाला साखळीत २४ सामने मिळाले होते, ते १३ वर आले.

हे सगळं सुरू असताना कंपनी बोलली, महासंघ बोलला, क्लबमालक बोलले, न्यायालय बोललं, खेळाडूंनीही हात जोडून व्हिडिओ टाकले. तिकीट काढणाऱ्याला कोणत्या खोलीत बसवलं होतं?

आणि मला सर्वांत जास्त डाचतं ते संघांचं स्थलांतर. एफसी पुणे सिटी २०१४ ते २०१९ बालेवाडीत खेळला. मालक पैशांच्या अडचणीत आले, क्लब बंद झाला, आणि त्याच्या जागी लीगमध्ये हैदराबाद एफसी आला. त्या हैदराबादने २०२१-२२ ला आयएसएल जिंकली. आता तोच संघ दिल्लीला नेऊन त्याचं स्पोर्टिंग क्लब दिल्ली केलंय. गंमत नाही ही. त्याच दिल्लीतून २०१९ ला दिल्ली डायनामोज उचलून भुवनेश्वरला नेला होता, त्याचा ओडिशा एफसी झाला. प्रत्येक वेळी मागे कोणीतरी राहिलं. ड्रम वाजवणारी पोरं, बॅनर शिवून घेणारे, दर सामन्याला बापासोबत येणारं एखादं लेकरू. भाडेकरू खोली बदलतो तसा संघ शहर बदलतो आणि लीगचे अधिकारी त्यावर शिक्का मारतात.

आपल्या नागपुरात आयएसएलचा संघ नाही, मग तुम्हाला काय त्रास, असं कोणीतरी विचारणारच. त्याचं उत्तर प्रतिसादांमध्ये देईन. आधी तुमचं ऐकायचं आहे.

---

कामठीकर

लेफ्ट बॅक भाऊ, बरं झालं लिहिलंत. मी रब्बानी ग्राउंडवर लहानाचा मोठा झालो. कामठीत फुटबॉल कोणी शिकवत नाही, पोरगं चालायला लागलं का बॉलले लाथ मारतेच. सामन्याच्या दिवशी सकाळी फक्की मारायले पाच-सहा जण आपणहून येतात. जाळी फाटली असली तर सुतळीनं बांधतात. दुपारी चारला ग्राउंडभोवती उभं राहायले जागा नसते. तिकीट नाही, जाहिरात नाही, तरी माणूस येते. काऊन येते? कारण रब्बानी क्लब त्याचा हाये. त्याचा काका खेळला, भाऊ खेळला, आता पोरगा खेळून राहिला.

आमच्या वेळेस चांगला खेळलं का नोकरी लागे. रेल्वे, पोलीस, एसआरपीएफ. नागपूरच्या जिल्हा लीगमध्ये आजही खात्यांचे संघ आहेत म्हणून पोरं टिकून आहेत. पण वरच्या पातळीवर खात्यांचे आणि कंपन्यांचे संघ एकेक करत संपले. महिंद्रा युनायटेड २००५-०६ चा राष्ट्रीय विजेता, २०१० ला बंद. एअर इंडिया आणि ओएनजीसी २०१३ ला परवान्याच्या निकषात बसत नाहीत म्हणून आय-लीगमधून, म्हणजे तेव्हाच्या राष्ट्रीय लीगमधून बाहेर. निकष आशियाई महासंघाचे होते, मी समजू शकतो. पण त्या संघांमधून घरं चालत होती, त्यांच्यासाठी दुसरी वाट कोणी केली? कोणीच नाही.

---

ताळेबंद

थोडी दुसरी बाजू मांडतो, रागावू नका.

आयएसएलच्या आधी काय होतं ते आठवा. १९९६ ला राष्ट्रीय लीग सुरू झाली, २००७ ला तिची आय-लीग झाली. प्रक्षेपणाचा दहा वर्षांचा करार झी समूहाशी होता, तोही मधेच तुटला. रिकामी मैदानं, दुपारच्या उन्हातले सामने, टीव्हीवर चित्र असं की नंबर वाचता येऊ नये. महासंघाकडे पैसा नव्हता. अशा वेळी कोणीतरी १५ वर्षांची हमी दिली. अकादम्या, फिजिओ, बरी मैदानं, खेळाडूंना लाखांत नाही तर कोटींत मानधन, हे त्याच पैशातून आलं. क्लबमालक वर्षानुवर्षं तोटा सोसत आलेत. मुंबई सिटी या आयएसएल संघात २०१९ ला आलेला सिटी फुटबॉल ग्रुप, म्हणजे मँचेस्टर सिटीचे मालक, तोसुद्धा डिसेंबर २०२५ ला बाहेर पडला. एवढा मोठा समूह हात टेकतो तेव्हा नुसतं अधिकाऱ्यांना शिव्या देऊन भागत नाही. निविदेत वर्षाला किमान ३७.५ कोटींची हमी मागितली होती आणि निर्णयाचे अधिकार फार थोडे देऊ केले होते. कोण येणार होतं?

पैसा कुठून येणार याचं उत्तर प्रेक्षकांकडे आहे का?

---

मोहननगरचा लेफ्ट बॅक

ताळेबंद, तुमचे आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष मला पटत नाही.

पैसा लागतो, मान्य. पण ज्याने पैसा घातला त्याला सुरक्षित ठेवण्यासाठी खालच्या लीगमधून जिंकून वर यायचं दार बंद ठेवलं गेलं, आणि बंद दाराआड प्रेक्षक तयार होत नाही. आयझॉल एफसीचं उदाहरण घ्या. २०१६-१७ ला त्यांनी आय-लीग जिंकली. मिझोरामसारख्या डोंगराळ राज्यातला क्लब, लहान शहर, तुटपुंजं बजेट, आणि मोहन बागान, ईस्ट बंगाल, बेंगळुरू यांना मागे टाकून देशाचा विजेता. कोणत्याही देशात अशा क्लबाला डोक्यावर घेतलं असतं. इथे काय झालं? त्याच वर्षी आयएसएलमध्ये दोन नवे संघ घेतले, ते बोली लावून. बेंगळुरू आणि जमशेदपूर. आयझॉल बाहेरच. त्यांनी आंदोलनाचा इशारा दिला, देशभरातून लोकांनी त्यांच्या बाजूने लिहिलं, काही उपयोग झाला नाही. आय-लीग जिंकून वर चढायची वाट उघडायला २०२३ उजाडलं, पंजाबचा संघ पहिला, २०२४ ला मोहम्मेडन.

म्हणजे जवळपास दहा वर्षं देशातल्या प्रत्येक लहान गावाला सांगितलं गेलं की तुम्ही कितीही चांगलं खेळा, वर जागा नाही. आयझॉल नागपूरपेक्षा कितीतरी लहान आहे. ते जर वर गेले असते तर नागपुरातला एखादा व्यापारीही म्हणाला असता, लावूया चार पैसे रब्बानीवर नाही तर यंग मुस्लिमवर, बघू कुठपर्यंत जातात. ती आशाच मारून टाकली. आणि आता म्हणतात की गुंतवणूकदार येत नाही.

नागपूरकराला त्रास काय, त्याचं उत्तर हेच.

---

बालेवाडी ब्लॉक

मूळची महालातली, नोकरीनिमित्त पुण्यात. पुणे सिटीची मी कट्टर. ऑरेंज आर्मी या पाठीराख्यांच्या गटात आम्ही नागपूरचे बरेच होतो, केशरी रंग म्हटल्यावर आम्हाला वेगळं सांगायची गरज नव्हती.

२०१७-१८ चा हंगाम विसरणं शक्य नाही. मार्सेलिन्हो, अल्फारो, आशिक कुरुनियन. पहिल्यांदा उपांत्य फेरी गाठली. बेंगळुरूत परतीच्या सामन्यात छेत्रीने तीन गोल केले आणि आम्ही ३-१ ने गेलो, पण त्या रात्री रडताना वाटलं होतं की पुढच्या वर्षी नक्की. पुढचं वर्ष आलं, त्याच्या पुढचं आलंच नाही.

बंद होणार हे आम्हाला बातमीतून कळलं. क्लबाकडून, लीगकडून, एक ओळ नाही. आमच्या ग्रुपमधल्या एकीने नव्या हंगामासाठी मोठा बॅनर रंगवायला घेतला होता, कापड आणलेलं, अक्षरं पेन्सिलने आखलेली. ते कापड तसंच तिच्या माळ्यावर आहे. काहींनी मला सुचवलं की आता हैदराबादला पाठिंबा द्या, खेळाडू तर तेच आहेत. मी त्यांना काय सांगणार? हैदराबाद जिंकलं तेव्हा मी सामना पाहिला, आपल्या ओळखीचे चेहरे कोणी दिसतात का ते शोधत राहिले.

आणि पुण्याने हे पुन्हा पुन्हा सोसलंय. त्याआधी पुणे एफसी होता, २०१२-१३ ला आय-लीगचा उपविजेता. २०१५ ला तोही गेला. भारत एफसी एका हंगामात संपला. मुंबई एफसी आणि डीएसके शिवाजीयन्स २०१७ ला. महाराष्ट्रात फुटबॉलप्रेमी असणं म्हणजे दर काही वर्षांनी एक क्लब गमावणं.

---

कामठीकर

ताई, माळ्यावरच्या कापडाचं वाचून पोटात तुटलं.

---

रंकाळ्यावरनं

कोल्हापुरातनं लिहितोय. धागा नागपूरचा हाय, पण राहवलं नाही.

आमच्याकडं पाटाकडील, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब. बहुतेक क्लब पेठेचे, तालमीचे. शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध शिवाजी असलं की दुकानं लवकर बंद होतात. लोक तिकीट काढून येतात, उन्हात बसतात. खेळाडूला पेठेतली बाई नावानं ओळखते. पाटाकडील उचलून सांगलीला न्या म्हटलं तर नेणारा कोण हाय? मालकच नाही तर विकणार कोण? त्यातनंच अनिकेत जाधवसारखा पोरगा पुढं गेला, २०१७ चा सतरा वर्षांखालचा विश्वचषक खेळला.

आमच्यातही दोष हायत. कधी कधी हुल्लडबाजी होते, ईर्षा मैदानाबाहेर जाते, ते थांबायलाच पाहिजे. पण माणसं येत नाहीत ही अडचण आम्हाला कधी आली नाही. ताळेबंद साहेब, पैसा कुठून येणार विचारलंत नव्हं? जिथं माणसं हायत तिथनं सुरुवात करा. लीगवाल्यांनी आजवर उलटं केलं. आधी मालक शोधला, मग शहर, आणि शेवटी प्रेक्षक.

---

रात्रीचा प्रेक्षक

परदेशातली उदाहरणं देतो, कारण तिथे लोकांनी लढून निर्णय फिरवलेत.

फेब्रुवारी २०१६, लिव्हरपूल. नव्या स्टँडमध्ये ७७ पौंडांचं तिकीट जाहीर झालं. संडरलँडविरुद्ध सामना सुरू असताना ७७ व्या मिनिटाला हजारो लोक उठून बाहेर गेले. संघ तेव्हा २-० ने पुढे होता, सामना २-२ सुटला. काही दिवसांत मालकांनी माफी मागून ते तिकीट रद्द केलं.

एप्रिल २०२१. युरोपातल्या १२ श्रीमंत क्लबांनी आपली वेगळी सुपर लीग जाहीर केली, कितीही हरलं तरी त्यांची जागा हमखास असलेली. म्हणजे आपल्या आयएसएलच्या रचनेच्या जवळ जाणारी. रविवारी घोषणा झाली, मंगळवारी रात्री इंग्लंडचे सहाही क्लब बाहेर. चेल्सीच्या मैदानाबाहेर लोकांनी संघाची बसच अडवली होती.

आणि जर्मनी, माझ्या मते सर्वांत शिकण्यासारखं. डिसेंबर २०२३ मध्ये ३६ पैकी २४ क्लबांनी प्रक्षेपण हक्कांच्या उत्पन्नातला वाटा एका गुंतवणूकदाराला द्यायला मत दिलं. त्यानंतर दर आठवड्याला मैदानात टेनिस बॉल यायला लागले. सामना दहा दहा मिनिटं थांबायचा, खेळाडू कोपऱ्यात उभे, पुन्हा सुरू, पुन्हा बॉल. २१ फेब्रुवारी २०२४ ला लीगने बोलणी थांबवली. तिथे बहुतेक क्लबांमध्ये मतांचं बहुमत सभासदांकडेच राहील असा नियम आहे, ५०+१. म्हणून अधिकाऱ्यांना ऐकावंच लागलं.

२०२५ मध्ये स्पेनच्या लीगने व्हिलारिअल-बार्सिलोना सामना मायामीला न्यायचं ठरवलं. खेळाडू सामन्याच्या सुरुवातीला पंधरा सेकंद स्तब्ध उभे राहिले. ऑक्टोबर २०२५ मध्ये तो बेत रद्द झाला.

---

ताळेबंद

हे सगळे पोटभर खाल्लेल्या देशांतले लढे आहेत. आपल्याकडे ७७ व्या मिनिटाला उठून जायला आधी स्टँड भरलेला हवा.

---

रात्रीचा प्रेक्षक

मग आपल्याच देशातलं घ्या. २०२० ला कोलकात्याचा मोहन बागान आयएसएलमधल्या एटीके संघाशी जोडला गेला आणि त्याच्या नावापुढे एटीके लागलं. १८८९ चा क्लब, १९११ ला अनवाणी पायांनी इंग्रज पलटणीला हरवून आयएफए शील्ड ही स्पर्धा जिंकलेला. पाठीराख्यांनी ते नाव हटवण्यासाठी रस्त्यावर, मैदानात, समाजमाध्यमांवर तीन वर्षं लावून धरलं. मार्च २०२३ ला लीग जिंकल्यावर मालकांनी नाव बदलत असल्याचं तिथेच जाहीर केलं. पुढे सुपर जायंट लागलं, म्हणजे पूर्ण विजय नाही. पण एटीके गेलं.

---

सदरची आई

माझी मुलगी तेरा वर्षांची, विंगर आहे. मी फुटबॉल तिच्यामुळे बघायला लागले, त्यामुळे इतिहासात मी कच्ची. पण व्यवहारातलं एक सांगते.

तिला मोठा सामना मैदानात बसून दाखवायचा म्हणून आम्ही मुंबईला जायचं ठरवलं. सामना संध्याकाळी साडेसातचा. संपणार साडेनऊला, तोवर आपल्याकडच्या सोयीच्या गाड्या निघून गेलेल्या असतात, म्हणजे मुक्काम आला. ते सगळं जुळवलं, तिकिटं काढली, आणि सामन्याची तारीख बदलली. रेल्वेचं आरक्षण रद्द केल्याचे पैसे कापले गेले ते गेलेच. सामन्याच्या तिकिटाचे परत मिळवायला ज्या अ‍ॅपवर काढली तिथे माणूस भेटेना, नुसते ठरावीक संदेश. तारीख का बदलली याचं कारण कुठेही दिलेलं नव्हतं. मुलीने विचारलं, आई, त्यांना माहीत नसेल का लोक लांबून येतात?

टीव्हीसाठी रात्रीची वेळ ठेवतात हे मला कळतं. पण रात्री दहाला मुलीला घेऊन स्टेडियमबाहेर रिक्षा शोधणाऱ्या बाईचा विचार त्या वेळापत्रकात कुठे आहे? महिला लीगचे सामने तर कधी होऊन जातात ते कळतच नाही. मुलीला मी आजवर त्यातला एक दाखवू शकले नाही.

आपल्याच शहरात २००१ पासून विजय बारसे सरांनी झोपडपट्टीतल्या मुलांना खेळवत स्लम सॉकर उभं केलं. तिथे मुलीही खेळतात. ही मुलं टीव्हीपुढे बसवून प्रेक्षक होणार नाहीत, त्यांना सामना जवळून बघायला मिळाला पाहिजे. एखादा सामना विदर्भात का नाही?

---

धंतोली

सहमत. यशवंत स्टेडियमच्या बाजूला राहते, मोठे सामने इथे झाले तर पायी जाऊन बघेन.

---

बालेवाडी ब्लॉक

सदरच्या ताई, तारीख बदलल्याचं आम्हीही खूप भोगलंय. स्टेडियम दुसऱ्या कार्यक्रमाला दिलं म्हणून, प्रक्षेपणाची वेळ जुळत नाही म्हणून. प्रत्येक वेळी एका ओळीचं पत्रक.

---

ताळेबंद

सदरच्या ताईंचा मुद्दा मला पटला. तारीख आधी जाहीर करून पाळणं, पैसे परत करणं, यासाठी कोणत्याही गुंतवणूकदाराची गरज नाही. हे बिनखर्चाचं काम आहे आणि ते झालेलं नाही, हे उघड आहे. संघ हलवण्याबाबत मात्र मी अजून म्हणेन, मालकाला कायमचं एका शहरात बांधलं तर तो हलणार नाही, बंद करेल. पुण्यात तेच झालं.

---

मोहननगरचा लेफ्ट बॅक

बंद करू दे. पण आधी सहा महिने सांग, आणि नाव, रंग, चिन्ह शहरात सोड. पुण्यातल्या लोकांना ते घेऊन खालच्या विभागातून सुरुवात करता आली असती. इंग्लंडमध्ये विम्बल्डनचा क्लब मिल्टन कीन्सला न्यायला परवानगी मिळाली तेव्हा २००२ ला पाठीराख्यांनी स्वतःचा एएफसी विम्बल्डन काढला, अगदी खालून खेळत वर आला. आपल्याकडे आता तिसऱ्या विभागापासून राष्ट्रीय स्पर्धा आहेत, कागदावर वाट तयार आहे.

सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये महासंघाच्या नव्या घटनेला मान्यता दिली. तीत नामवंत माजी खेळाडूंना, त्यांत महिलांनाही, मताधिकार मिळाला. हे चांगलंच झालं. पण पाठीराख्यांचा प्रतिनिधी नाही. मला वाटतं आपण पत्र लिहावं, महासंघाला आणि वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनला, म्हणजे आपल्या राज्याच्या संघटनेला. मागण्या फार नकोत. परवाना दुसऱ्या शहरात नेण्याआधी पाठीराख्यांची जाहीर सुनावणी. वेळापत्रक हंगामाआधी, बदल केला तर कारण आणि पूर्ण परतावा. लीगच्या समितीत पाठीराख्यांची एक खुर्ची, मतासकट.

---

रंकाळ्यावरनं

त्यात एक घाला. जिल्हा लीगच्या अंतिम सामन्यांच्या दिवशी वरच्या लीगचा सामना नको. आमच्या तालमींच्या सह्या मी आणतो, मंडळांशी बोलून सांगतो.

---

कामठीकर

आणि खालच्या क्लबाचा पोरगा वरच्या क्लबानं नेला तर प्रशिक्षणाचे पैसे खालच्या क्लबाले मिळालेच पाहिजे. नियम आहे, पण क्लबाच्या नावानं नोंदी नीट ठेवलेल्या नसतात म्हणून हातात काही येत नाही. नोंदणीचे अर्ज भरून द्यायले जिल्हा संघटनेत कोणीतरी बसवा म्हणावं. मी रब्बानीच्या जुन्या खेळाडूंशी बोलतो, त्यांच्यातले काही तयार होतील.

---

सदरची आई

मसुदा मी टाईप करून देते. मराठी आणि इंग्रजी दोन्ही. शनिवारपर्यंत इथेच टाकते, बदल सुचवा. मुलींच्या सामन्यांच्या वेळेचा मुद्दा मी माझ्याकडून घालणार आहे, कोणाची हरकत असेल तर आत्ताच सांगा.

---

ताळेबंद

हरकत नाही. परताव्याच्या कलमाची भाषा मला करू द्या, ग्राहक कायद्याच्या अंगाने नीट बसवतो. आणि माझी सही धरा.

---

बालेवाडी ब्लॉक

पुण्यातले जुने सभासद मी जमवते. कापड असलेल्या मैत्रिणीला हा धागा पाठवला आहे. रविवारी रेशीमबागेत सह्यांसाठी भेटणार असाल तर वेळ टाका, मी त्या आठवड्यात नागपुरातच आहे.

---

मोहननगरचा लेफ्ट बॅक

रविवारी सकाळी आठ, ग्राउंडच्या मुख्य गेटपाशी. नऊला तिथे मुलांचा सराव सुरू होतो, त्यांच्या पालकांशीही बोलता येईल. कामठीकर, जिल्हा संघटनेतलं कोणी येणार असेल तर आधी कळवा, म्हणजे नोंदणी अर्जांचं तिथेच विचारून घेऊ.